स्कूटरवरून असईपर्यंत

जालना जिल्ह्यांतून आज एक असा रस्ता जातो कीं, ज्यावर स्कूटरला मज्जाव आहे. नागपूरहून मुंबईकडे जाणारा हा ७०१ किलोमीटरांचा समृद्धि महामार्ग. त्याचा शिर्डीपर्यंतचा भाग डिसेंबर २०२२ मध्यें खुला झाला आणि जून २०२५ मध्यें तो पुरा झाला. मोटारींना त्यावर ताशीं १२० किलोमीटरांपर्यंत वेगाची मुभा आहे. दुचाकी व तीनचाकी वाहनांना मात्र प्रवेश नाहीं. सुरक्षिततेच्या दृष्टीनें तें योग्यच झालें. परंतु त्यामुळें प्रवाशांचे आपोआप दोन वर्ग पडले आहेत. ज्याला जालना जिल्हा लवकर मागें टाकावयाचा आहे, त्यानें महामार्गानें जावें. ज्याला तो पाहावयाचा आहे, त्यानें जुन्या रस्त्यानें, आणि शक्य तर चार मित्रांसह स्कूटरवरून जावें. या दुसऱ्या वर्गासाठीं आजचें हें भाषण आहे.

स्कूटर म्हणजे लहान आकाराची फटफटी असा सर्वसाधारण समज आहे. पण तिचा जन्म निराळ्या विचारांतून झाला. दुसरें महायुद्ध संपल्यावर इटलींतील पिआज्यो कंपनीनें सामान्य लोकांसाठीं स्वस्त वाहन तयार करण्याचें काम कोरादिनो दास्कानिओ या विमानविद्येंतील अभियंत्याकडे सोंपविलें. या गृहस्थाला फटफटी आवडत नसे. तिच्यावर टांग टाकून बसावें लागतें, साखळीच्या तेलानें कपडे मळतात, आणि चाक पंक्चर झालें तर तें काढणें जिकिरीचें होतें, असे त्याचे आक्षेप होते. १९४६ सालीं बाहेर पडलेल्या त्याच्या ‘व्हेस्पा’मध्यें हे तिन्ही दोष नव्हते. धोतर नेसलेल्या किंवा लुगडें नेसलेल्या माणसालाही तिच्यावर सहज बसतां यावें, अशी ती होती. एंजिन मागच्या चाकाशींच जोडून पत्र्याखालीं झांकलेलें होतें. आणि चाक एकाच बाजूनें धरलेलें असल्यामुळें तें मोटारीच्या चाकासारखें चटकन् काढतां येई. हीच रचना पुढें आपल्या बजाजच्या गाड्यांत आली. १९७२ मध्यें निघालेल्या ‘चेतक’साठीं लोकांनीं नंबर लावून वर्षानुवर्षें वाट पाहिली. १९८५ मध्यें बजाजचा कारखाना आपल्या शेजारीं वाळूज येथें निघाला. २०१० च्या सुमारास त्या कंपनीनें पेट्रोलच्या स्कूटरी बनविणें बंद केलें, आणि २०२० मध्यें तेंच नांव विजेवर चालणाऱ्या गाडीला मिळालें.

या वाहनाची चाकें मात्र लहान. खड्डा आला कीं तीं त्यांत उतरल्यावांचून राहत नाहींत. खेड्यांच्या रस्त्यानें स्कूटर ताशीं चाळीस किलोमीटरांच्या पुढें दामटणें शहाणपणाचें नव्हे. आमच्या कामाला हा दोषच उपयोगी पडतो. चाळीसच्या वेगांत शेतांतलें पीक ओळखतां येतें, विहिरींतील पाण्याची पातळी दिसते, आणि बांधावरून कोणीं हांक मारली तर ती ऐकूं येऊन थांबतांही येतें.

इंग्रजींत अशा सहलीला रॅली म्हणतात; पण ही शर्यत नव्हे, हें आधींच ठरलेलें असावें. आमचें मंडळ सहा जणांचें व चार गाड्यांचें आहे. त्यांत दोन जुन्या चेतक आहेत. त्यांच्या पेट्रोलांत दर लिटरमागें तेल मोजून घालावें लागतें, आणि सकाळच्या गारठ्यांत गाडी एका अंगावर कलती केल्याशिवाय किक लागत नाहीं. आमचा पहिला नियम असा कीं, सर्वांत संथ गाडी सर्वांच्या पुढें. तिच्यापुढें कोणीं जावयाचें नाहीं. सर्वांत अनुभवी चालक सर्वांच्या मागें. पाने, प्लग व ट्यूब त्याच्याजवळ. जुन्या स्कूटरचें पुढचें व मागचें चाक सारखेंच असल्यामुळें एक स्टेपनी दोहोंच्याही कामीं येते, हा मोठा आधार. विजेची गाडी बरोबर असेल तर निघण्यापूर्वींच परतीच्या मैलांचा हिशोब करावा. हेल्मेट चालविणाऱ्याला हवें तसेंच मागें बसणाऱ्यालाही हवें. १९८८ च्या कायद्यानें तें दोघांनाही बंधनकारक आहे. आणि गांवांतून जातांना भोंगे वाजवूं नयेत. तो गांव लोकांचें घर आहे. आपलें मैदान नव्हे.

आतां एका रस्त्याचें उदाहरण घेतों. जालन्याहून उत्तरेस राजूर, तेथून भोकरदन, आणि भोकरदनच्या आग्नेयेस असई. आश्विनाचे दिवस या वाटेला उत्तम. रस्त्याच्या दोहों बाजूंस कपाशी बोंडावर आलेली असते, सोयाबीनची काढणी चालू असते, आणि मधूनमधून मोसंबीच्या बागा लागतात. आमच्यांतील एक जण बियाण्याच्या धंद्यांतील आहे. तो नेहमीं मागच्या बैठकीवर बसतो, कारण त्याला पाहावयाचें असतें. एका ठिकाणीं त्यानें थांबावयास लावलें. रस्त्याच्या एका अंगास जुनी, घनदाट बाग होती. दुसऱ्या अंगास त्याच मातींत कोवळीं झाडें होतीं. त्यानें सांगितलें, “हीं झाडें दहा-बारा वर्षांचीं दिसतात. २०१२-१३ च्या दुष्काळांत पहिली बाग वाळली असणार.” त्या वर्षीं जालना जिल्ह्यांत मोसंबीचीं वाढलेलीं झाडें टँकरच्या पाण्यावर जगविण्याची पराकाष्ठा शेतकऱ्यांनीं केली, आणि तरीही बाग डोळ्यांदेखत वाळल्यावर तिच्यावर कुऱ्हाड चालविली. जालन्याच्या मोसंबीला पुढें २०१६ मध्यें भौगोलिक मानांकन मिळालें, ही बातमी आपण वाचली असेल. त्या मानांकनामागें काय सोसलें गेलें, हें झाडांच्या वयावरून वाचावें लागतें.

राजूरच्या गणपतीचें दर्शन घेऊन आपण भोकरदनला येतों. केळना नदीच्या कांठचें हें गांव म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची व भरहूत येथील स्तूपांना ज्यांनीं दानें दिलीं, त्यांत भोगवर्धनच्या रहिवाशांचीं नांवें कोरलेलीं आहेत. १९७३ मध्यें नागपूर व मराठवाडा विद्यापीठांनीं येथें उत्खनन केलें, तेव्हां हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ति सांपडली. तिचें साम्य एका दूरच्या मूर्तीशीं आहे: इटलींत पाँपेई येथें १९३८ मध्यें मिळालेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशीं. पाँपेई नगर इसवी सन ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गाडलें गेलें; म्हणजे ती मूर्ति त्यापूर्वींच समुद्रापार पोंचली होती. ती भोकरदनकडचीच असावी, असें कांहीं संशोधकांचें मत आहे. ज्या देशांतून आपली स्कूटर आली, त्या देशाला या परिसरांतील कारागिरी एकोणीसशें वर्षांपूर्वींच परिचित असावी, हा विचार केळनेच्या पुलावर उभें राहून करण्याजोगा आहे.

भोकरदनहून असईकडे वळलें कीं रस्ता अरुंद होतो. एका अंगास केळना, दुसऱ्या अंगास जुई, आणि दोहोंच्या बेचक्यांत असई. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं या बेचक्यांत दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजा उतरल्या होत्या. इंग्रजांचा सेनापति आर्थर वेलस्ली केळनेच्या दक्षिणेस येऊन ठेपला. समोरच्या उतारावर मराठ्यांचा पहारा होता, आणि दुसरा उतार जवळपास नाहीं असें त्याच्या वाटाड्यांनीं सांगितलें. वेलस्लीनें खालच्या अंगास पाहिलें, तों नदीच्या दोन कांठांवर समोरासमोर दोन गांवें दिसलीं: पिंपळगांव आणि वरूड. त्यानें तर्क केला कीं, दोन गांवें अशीं जवळ असतांना त्यांच्या माणसांनीं एकमेकांकडे जाण्यासाठीं उतार शोधला नाहीं, असें होणेंच नाहीं. तर्क खरा ठरला. फौज तेथून पार झाली आणि मराठ्यांच्या डाव्या अंगावर आली.

पुढची लढाई मात्र सोपी झाली नाहीं. शिंद्यांच्या कवायती पलटणींनीं त्वरेनें तोंड फिरवून नवी रांग धरली, आणि गोलंदाज तोफांपाशींच लढून पडले. इंग्रजांकडील सुमारें १६०० माणसें मेलीं वा जखमी झालीं. शेवटीं मराठ्यांच्या ९८ तोफा त्यांच्या हातीं लागल्या. हाच वेलस्ली पुढें ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, आणि १८१५ मध्यें वॉटर्लूवर नेपोलियनला हरवूनही असईची लढाईच आपली सर्वांत मोठी कामगिरी मानीत राहिला. कंपनीच्या बाजूनें लढणारांतही बहुसंख्य मद्रासकडील हिंदी शिपाईच होते. तेव्हां या मातींत दोन्ही बाजूंनीं बहुतेक आपलींच माणसें पडलीं.

असईहून परततांना आमच्यांतील एका उत्साही मित्रानें केळनेच्या उथळ दिसणाऱ्या पाण्यांत स्कूटर घालण्याचा बेत केला. हातांतील फोनच्या नकाशावर जवळ पूल होता. पण १८०३ चें वर्णन वाचून आलेल्या माणसाला पुलाचें काय कौतुक? कांठावर बैल धुणाऱ्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानें हात वर करून थांबविलें. “तिथनं नका घालूं, दादा. गाळ हाय. पहिल्यांदा गाड्या जायच्या इथनं. पर वाळू उपसून नेली, आता डोह पडलेत. वरल्या अंगाला खडक लागतो, तिथनं पायी जा.”

त्या काकांशीं मग अर्धा तास बोलणें झालें. कोणत्या विहिरीला मे महिन्यांतही पाणी असतें, जुनी बैलगाडीची वाट कोठून जात असे, वाळू गेल्यापासून विहिरी लवकर कां आटतात, हें सर्व त्यांना तोंडपाठ होतें. वाळू पाणी धरून ठेवते व तें हळूहळू भोंवतालच्या विहिरींना मिळतें. ती उपसली कीं तो साठा जातो. हें शास्त्र आम्हीं पुस्तकांत वाचलें होतें. काकांनीं तें आपल्या विहिरींत बादली सोडून जाणलें होतें.

श्रोतेहो, मला सांगावयाचें तें इतकेंच. एका परक्या सेनापतीनें दोन गांवांकडे पाहून आपल्या नदीचा उतार ओळखला. तो आपला मुलूख जिंकावयास आला होता, म्हणून त्यानें तो लक्ष देऊन पाहिला. आपण त्याच मुलखांत राहतों, तेथील मोसंबी खातों, तेथील वाळूनें घरें बांधतों, आणि उतार कोठें होता व कां मोडला, हें विचारावयास कधीं थांबत नाहीं. दुष्काळ आला कीं शहराला टँकर दिसतात. त्याच्या आधीं दहा वर्षें नदी कशी बदलत गेली, हें दिसत नाहीं. तें ज्यांना दिसलें, त्यांना आपण विचारलेलें नसतें.

रविवारची सहल एवढ्यासाठीं उपयोगीं पडूं शकेल. बरोबर डबा न्या, पण केरकचरा परत आणा. मोसंबी बागवाल्याकडूनच विकत घ्या. आणि ज्या गांवीं थांबाल, तेथें वडीलधाऱ्या माणसाला तीन गोष्टी विचारा: उन्हाळ्यांत पाणी कोठें टिकतें, जुनी वाट कोणती, आणि गेल्या दुष्काळानें काय नेलें. घरीं आल्यावर तें एका वहींत तारखेसह लिहून ठेवा. जालना जिल्हा सरकारी कागदावर १ मे १९८१ रोजीं अस्तित्वांत आला. अशा वह्या घरोघरीं झाल्या, तर पुढच्या अवर्षणाच्या वेळीं पाण्याविषयीं बोलतांना शहर आणि खेडें यांना निदान एकमेकांचें बोलणें समजेल.