ठसा घडविणारे हात

ग्वाल्हेरातील काही जुन्या घरांत आजीच्या पेटीत तांब्याचा एखादा पाव आणा अद्याप सापडतो. विक्रम संवत १९७०, म्हणजे इसवी सन १९१३ मधील अशा नाण्यावर माधवराव महाराज शिंदे यांची मुखाकृती आहे. महाराजांचे नाव आपण वाचतो, संवत वाचतो. परंतु तांब्यावर ती आकृती सुलटी आणि उठावदार उमटावी म्हणून ज्याने पोलादी ठशात ती उलटी आणि खोल बसविली, त्याची आठवण आपणांस होत नाही. टांकसाळीतील त्या कारागिराचा वंश आजही नांदतो आहे. कारखान्यात त्याला ‘टूल अँड डाय मेकर’ म्हणतात. त्याच्याविषयी आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

साबणाच्या वडीवरील अक्षरे, बाटलीचे झाकण, विजेच्या बटणाची चौकट, मोटारीचा पत्रा, या सर्वांना आकार येतो तो कोणत्या तरी ठशातून अथवा साच्यातून. हे ठसे बाजारात तयार मिळत नाहीत. ज्याची वस्तू निराळी, त्याचा ठसा निराळा. कारखानदार आपल्या वस्तूचा आराखडा घेऊन येतो आणि त्या एकाच वस्तूसाठी ठसा नव्याने घडवावा लागतो.

हे काम किती नाजूक आहे पाहा. पत्रा कापणाऱ्या ठशात वरचा पंच आणि खालची डाय यांच्यामध्ये प्रत्येक बाजूस किंचित फट ठेवावी लागते. ती साधारणतः पत्र्याच्या जाडीच्या शेकडा पाच ते दहा असते. म्हणजे एक मिलिमीटर जाडीच्या पत्र्यासाठी ही फट जवळजवळ केसाएवढी झाली! ती कमी पडली तर ठशाची धार लवकर जाते, अधिक झाली तर तुकड्याच्या कडेला करवतीसारखे दाते राहतात. प्लॅस्टिकच्या साच्याची गोष्ट आणखी वेगळी. तप्त प्लॅस्टिक थंड होताना आकसते. म्हणून पुढे होणाऱ्या आकुंचनाचा हिशेब आधीच करून साचा तेवढा मोठा ठेवावा लागतो. शेवटी पोलादाला पाणी द्यावयाचे. काही जातींचे पोलाद त्यासाठी हजार अंश सेल्सिअसच्याही वर तापवावे लागते. त्या वेळी ते तडकले, तर कित्येक दिवसांची मेहनत वाया जाते.

आता संगणकावर चालणारी यंत्रे आली आहेत; विजेच्या ठिणग्यांनी कठीण पोलाद कोरणारी यंत्रेही आहेत. तथापि फट किती ठेवावी, पोलाद कोणते घ्यावे, कोठे ताण येईल, हा निर्णय माणसालाच करावा लागतो. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? ठशातील एक चूक लाखो वस्तूंत उतरते.

येथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. माझ्या वर्गात एक मुलगा होता. निबंधात मागे, परंतु शाळेचे बिघडलेले कुलूप तो बघता बघता दुरुस्त करीत असे. त्याचे वडील सल्ला विचारावयास आले. मुलाला औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत घालावे, असे त्यांच्या मनात होते. मी म्हणालो, “आधी पदवी तरी होऊ द्या, हातोडा काय, केव्हाही धरता येईल.” मुलाने कशीबशी पदवी घेतली, दोन वर्षे अर्ज करीत हिंडला आणि अखेर त्याच संस्थेत टूल अँड डाय मेकरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून मालनपूरच्या एका कारखान्यात लागला.

एके दिवशी तो घरी आला. खिशातून पोलादाचा एक चौकोनी तुकडा काढून त्याने माझ्या हातावर ठेवला. “सर, ढकलून पाहा.” मी बोटाने ढकलले, तेव्हा त्या चौकोनाच्या पोटातून दुसरा तुकडा अलगद बाहेर सरकला. तोवर दोहोंमधील सांधा मला दिसलाही नव्हता. त्याने मला दोष दिला नाही. परंतु त्याची पाच वर्षे माझ्या सल्ल्यापायी गेली, हे मला त्या सांध्याने सांगितले.

श्रोतेहो, आम्ही मराठी मंडळी येथे दरबाराबरोबर आलो. लेखणीचा मान आम्ही राखला, गाण्याचा राखला. हाताच्या विद्येला मात्र ओसरीवरच बसविले. निबंधात मागे पडणारे मूल मंद असते, असे नाही. कित्येकदा त्याची बुद्धी बोटांत असते आणि ती ओळखण्याचे काम आम्हां शिक्षकांचे व आपणां पालकांचे आहे. दहावीनंतर असे मूल आपल्यासमोर उभे राहिले, तर त्याला ‘तू काय होणार?’ असे विचारण्यापूर्वी, ‘तुला काय करता येते?’ एवढे अवश्य विचारा. हा प्रश्न मी त्या मुलाला वेळेवर विचारला नाही. आता दरवर्षी वर्गात विचारतो.