गोठ्यात पडलेली सायकल
(प्रभागसंघाच्या सभेतलं बोलणं)

ताईंनो, बचतीचा हिशोब झाला, आता थोडं सायकलीचं बोलू. पायडल मारताना टकटक वाजतं, आपण दुर्लक्ष करतो; मग क्रँक हलायला लागतो आणि सायकल गोठ्यात जाते. पोरगी शाळेत चालत, नाहीतर घरीच.

जुन्या काळ्या सायकलीचा क्रँक कॉटरवर बसलेला असतो. कॉटर म्हणजे एका बाजूनं तिरकी घासलेली लोखंडी पिन. ती गंजली की क्रँक निघत नाही. आदल्या रात्री तिथं तेल सोडा. सकाळी नट वर येईल असा क्रँक आडवा धरा. नट सैल करा, पण काढू नका. पिनेच्या टोकाशी बरोबरीत ठेवा, आटे वाचतात. आता मुख्य गोष्ट. क्रँकखाली जाड लोखंडी पाइप उभा टेकवा, पिनेचं डोकं त्याच्या पोकळीत उतरेल असा. आधार नसेल तर घाव आतल्या छऱ्यांवर बसतो. मग हातोडीचा एकच सरळ, जोरकस घाव. टुकटुक करत बसलं तर टोक चेपतं. (नारळ फोडतोच की आपण!) पिन हलली की नट काढून ती खाली ठोका.

नवी घ्यायला जुनी पिन सोबत न्या, जाडी वेगवेगळी असते. बसवल्यावर दोन-तीन दिवसांनी नट पुन्हा आवळा.

ज्यांची सायकल पडून आहे त्यांनी आज सभेनंतर थांबा, पाना-हातोडी आणलीय.