स्वकर्तृत्वाची महाजनकी
(देवस्थानच्या उत्सवप्रसंगी महाजन मंडळींसमोर झालेले व्याख्यान)



देवाच्या सभामंडपात एका चित्रकारावर व्याख्यान व्हावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु देवळांच्या भिंतींकडे एकवार दृष्टी टाकली तर ते ओसरेल. गोमंतकातील आणि कोकणातील कित्येक जुन्या देवळांतून कावीचे काम आढळते. चुन्याच्या शुभ्र गिलाव्यावर तांबड्या मातीच्या रंगाचा थर द्यावयाचा आणि अणकुचीदार हत्याराने तो हलकेच खरडून खालचा पांढरा थर उघडा करावयाचा, अशी ही रीत. त्या तांबड्या-पांढऱ्या रेषांतून वेली उमलल्या, मोर नाचले, रामकृष्णांच्या कथा साकारल्या. मात्र कारागिराची सही सहसा कोठे आढळत नाही. ज्यांच्या हातांनी देवळे नटली, त्यांची नावे काळाच्या उदरात गडप झाली.

या कारागिरांजवळ कोणत्याही विद्यालयाचे प्रमाणपत्र नव्हते. तरी त्यांना बापाकडून मुलाकडे येणाऱ्या विद्येचा आधार होता. पुढे मुंबईत 1857 साली सर ज. जी. कलाशाळा निघाली आणि चित्रविद्येला शाळेचे दार लाभले. गोमंतकाच्या सांगे गावी 1870 साली जन्मलेले आंतोनियु शाविएर त्रिंदाद हे त्याच शाळेत शिकले आणि तेथेच शिक्षक झाले. घरची परंपरा किंवा शाळेची शिकवण, असे कलेचे हे दोन राजमार्ग. परंतु ज्याच्या घरी परंपरा नाही आणि ज्याला कलाशाळेची पदवी लाभली नाही, अशा माणसाने काय करावे? या प्रश्नाचे उत्तर कृष्णाजी हौलाजी आरा या चित्रकाराने आपल्या आयुष्याने दिले आहे. त्याचाच आज विचार करावयाचा आहे.

आरा यांचा जन्म 1914 साली हैदराबाद संस्थानातील, सिकंदराबादनजीकच्या बोलारम येथे झाला. आईचे छत्र अगदी लहानपणी हरपले. वडील मोटारचालक होते. त्यांनी दुसरा विवाह केला. वयाच्या सातव्या वर्षी हा मुलगा घर सोडून मुंबईस आला. सात वर्षांचे पोर घरच्या मुंजीत आजीच्या मांडीवर बसून लाडू खाते; त्या वयात या मुलाने एका अफाट शहरात आपल्या पोटाची जबाबदारी स्वतः उचलली. इंग्रज कुटुंबाकडे घरकाम आणि पुढे मोटारगाड्या धुण्यापुसण्याचे काम, हा त्यांचा चरितार्थ. 1930 सालच्या मिठाच्या सत्याग्रहात ते सामील झाले आणि त्यापायी त्यांनी कारावासही भोगला. हातावर पोट असणाऱ्याने तुरुंगात जाणे म्हणजे काय, हे पगारी माणसाला सहज कळावयाचे नाही.

या सर्व धकाधकीत ते चित्रे काढीत राहिले. येथे एकलव्याची आठवण होणे साहजिक आहे. पण एकलव्याने निदान गुरूची मृत्तिकामूर्ती समोर ठेवली होती. आरा यांच्यासमोर होती ती रस्त्यावरची माणसे, बाजारातली फळे, खोलीतला मातीचा घडा आणि फुलांची परडी. तेच त्यांचे गुरू. तैलरंग महाग, कॅनव्हास त्याहून महाग. गरिबाला परवडतात ते कागद आणि पाण्यात कालविण्याचे रंग. जलरंग म्हटले की पातळ, पारदर्शक, हलका हात, असा शाळेचा दंडक. आरा यांनी तेच रंग दाट थरांनी, तैलरंगासारखे भरघोस वापरले. कलाशाळेत रीतसर शिकले असते तर कदाचित कोणी तरी त्यांचा हात धरून 'असे करू नये' म्हणून सांगितले असते! अज्ञान हे नेहमीच वैगुण्य असते असे नाही. क्वचित ते स्वातंत्र्यही असते. अर्थात त्याला कष्टांची जोड हवी, आणि ती आरा यांच्यापाशी विपुल होती.

परंतु खोलीच्या चार भिंतींत कितीही उत्तम चित्र निर्माण झाले, तरी ते जगाच्या नजरेस पडल्यावाचून कलावंत म्हणून मान्यता कशी लाभावी? त्या काळी मुंबईत मान्यतेचे प्रमुख द्वार म्हणजे बॉम्बे आर्ट सोसायटी. 1888 साली स्थापन झालेल्या या संस्थेचे वार्षिक प्रदर्शन म्हणजे चित्रकारांची पंढरीच. चित्र पाठवावयाचे, निवड समितीने ते पाहावयाचे, आणि पसंतीस उतरले तरच ते भिंतीवर लागावयाचे. भिंतीवर लागणे हाच पहिला सन्मान. अमृता शेरगिल यांना 1937 साली सुवर्णपदक मिळाले ते याच संस्थेकडून.

या द्वाराशी आरा यांना नेण्यास दोन परके गृहस्थ साहाय्यभूत झाले, ही ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट आहे. एक रुडॉल्फ फॉन लायडन, मूळचे जर्मन, विद्येने भूगर्भशास्त्रज्ञ, पण मुंबईत कलासमीक्षक म्हणून ख्यातनाम झालेले. दुसरे वॉल्टर लँगहॅमर, ऑस्ट्रियाचे चित्रकार आणि टाइम्स ऑफ इंडियाचे कलासंचालक. दोघेही हिटलरच्या युरोपातून दुरावून मुंबईच्या आश्रयास आलेले. स्वतःचे घर गमावलेल्या या माणसांना मोटार धुणाऱ्या हातातील गुण दिसला. त्यांनी आरा यांना उत्तेजन दिले, आणि अंगठा मात्र मागितला नाही. आपल्याच मुलखातील जाणकारांच्या डोळ्यांसमोर हा माणूस वर्षानुवर्षे वावरत होता. त्यांना तो का दिसला नाही, हा प्रश्न ज्याने त्याने आपल्या मनाशी विचारावा.

1942 साली मुंबईत आरा यांच्या चित्रांचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन भरले. 1944 साली 'मराठ्यांची लढाई' या चित्रास बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात गव्हर्नरचे पारितोषिक मिळाले. स्वतःच्या बळावर शिकलेल्या माणसाच्या नावापुढे आता प्रदर्शनाच्या सूचीतला क्रमांक आला, परीक्षकांचा शेरा आला आणि बक्षिसाची नोंद आली.

यानंतर 1947 साल उजाडले. देश स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षी मुंबईत सहा तरुण कलावंतांनी 'प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप' हे मंडळ स्थापिले. फ्रान्सिस न्यूटन सोझा, कृष्णाजी आरा, सैयद हैदर रझा, मकबूल फिदा हुसेन, हरी अंबादास गाडे आणि शिल्पकार सदानंद बाकरे हे ते सहा जण. यांतील सोझा गोमंतकातील साळगावचे. त्यांना 1945 साली राष्ट्रीय चळवळीतील सहभागापायी कलाशाळेतून काढून टाकण्यात आले होते. बाकरे यांचा जन्म बडोद्याचा, तर हुसेन सिनेमाचे फलक रंगवून दिवस काढीत वर आलेले. शाळेने बाहेर घालविलेला एक, स्वतःच्या बळावर शिकलेला एक, फलक रंगविणारा एक. असे हे मंडळ. येथे सभासदत्वासाठी कुळ विचारले गेले नाही, धर्म विचारला गेला नाही, पदवीही विचारली गेली नाही. चित्र काय म्हणते, एवढेच विचारले गेले. 1949 सालच्या जुलै महिन्यात मुंबईत रॅम्पार्ट रो येथे या मंडळाचे प्रदर्शन भरले आणि त्याचे उद्घाटन डॉ. मुल्कराज आनंद यांनी केले. आज भारतीय आधुनिक चित्रकलेचा इतिहास लिहिताना या सहा जणांना वगळून कोणालाही पुढे जाता येत नाही.

1952 साली 'दोन सुरया' या चित्रास बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक लाभले. विषय तो काय? पाण्याची दोन साधी भांडी. ज्याला घरपण लाभले नाही त्याने घरातील भांडीकुंडी, फळे आणि फुलदाण्या आयुष्यभर रंगविल्या. यात काही योगायोग आहे की अंतरीची ओढ, ते रसिकांनीच ठरवावे.

सत्य सांगावयाचे तर दोषही सांगितले पाहिजेत. आरा यांच्या रेखाटनात शिस्त कमी आहे, मानवी देहाचे प्रमाण कोठे कोठे चुकते, फुलांची चित्रे त्यांनी पुन्हापुन्हा आणि मोठ्या संख्येने काढली व ती सर्वच सारख्या तोलाची उतरली नाहीत, असे आक्षेप जाणकारांनी घेतले. ते निराधार नाहीत. स्त्रीदेहाची चित्रे त्यांनी सातत्याने काढली आणि 1963 साली कृष्णवर्णी विवस्त्र स्त्रियांची त्यांची चित्रमाला लोकांपुढे आली, तेव्हा भुवया उंचावणारेही कमी नव्हते. ज्या देशाच्या मंदिरशिल्पांत शिल्पकारांनी स्त्रीदेह निःसंकोचपणे कोरला, त्या देशात हे व्हावे, हा एक दैवदुर्विलासच. गोऱ्या कांतीला सौंदर्य मानणाऱ्या समाजापुढे त्यांनी सावळ्या देहाची भारदस्त शोभा मांडली, हे त्या चित्रांचे खरे मर्म.

मान्यता मिळाल्यावर माणूस काय करतो, यावरून त्याची पारख होते. मंडळातील सोझा 1949 साली लंडनला गेले, रझा 1950 साली पॅरिसला गेले आणि बाकरे यांनीही 1951 साली लंडनची वाट धरली. त्यांचे यश थोर आहे आणि त्यात उणे काहीच नाही. आरा मात्र मुंबईतच राहिले. कलावंतांच्या साहाय्यासाठी उभ्या राहिलेल्या 'आर्टिस्ट्स सेंटर' या संस्थेच्या संस्थापकांत ते होते आणि तिचे चिटणीसपण त्यांनी सांभाळले. ज्या तरुणाला भिंत मिळत नाही, त्याला चार चित्रे टांगावयास भिंत मिळवून देणे, हे त्यांचे जणू व्रत झाले. बॉम्बे आर्ट सोसायटीच्या व्यवस्थापक मंडळावर आणि निवड व परीक्षण समित्यांवरही त्यांनी काम केले. एकेकाळी ज्या मेजावर त्यांचे चित्र भीतभीत ठेवले गेले असेल, त्याच मेजाच्या पलीकडे ते जाऊन बसले. ललित कला अकादमीने त्यांना आपले फेलो करून गौरविले. 1985 साली मुंबईत त्यांचे देहावसान झाले.

महाजन बंधूंनो, महाजनकी हा शब्द येथे नित्याचा आहे. 1933 सालच्या देवस्थान नियमावलीप्रमाणे महाजनांची नावे ज्या सूचीत चढतात, तिला जुनी मंडळी कातालोग म्हणतात. बापाचे नाव तेथे असले की मुलाचे चढते; त्यासाठी पुरावा द्यावा लागतो तो वंशाचा. कलावंतांच्या प्रदर्शनाच्या सूचीलाही कातालोगच म्हणतात. तेथे मात्र बापाचे नाव उपयोगी पडत नाही. दर वर्षी नवे चित्र घेऊन दाराशी उभे राहावे लागते. आरा यांची महाजनकी ही दुसऱ्या प्रकारची. जन्माने मिळालेला मान हा पूर्वजांचा ठेवा आहे, तो जपावा. पण तो आपण मिळविलेला नाही, याची जाणीवही ठेवावी. आणि ज्याने तो मिळविला आहे त्याच्यासमोर मान लवविण्यात महाजनकीला उणेपणा येत नाही.

शेवटी एकच गाऱ्हाणे. नवरात्रात मखरोत्सवासाठी मखर सजते. कागद, बेगड, फुले, रंग यांतून रात्रंदिवस खपून कोणी तरी ते उभे करतो. आरती होते, मखर झुलते आणि सर्वांचे डोळे पाणावतात. स्मरणिकेत देणगीदारांची नावे रकमेसह छापली जातात. ती छापलीच पाहिजेत. परंतु मखर सजविणाऱ्याचे नाव किती स्मरणिकांत आढळते? कावीच्या कारागिरांची नावे हरपली, त्याला आता इलाज नाही. जे आज हयात आहेत त्यांची नावे हरपू न देणे मात्र सर्वस्वी महाजनांच्या हाती आहे. त्याला खर्च फक्त एका ओळीचा. त्याचप्रमाणे जत्रेच्या चार दिवसांत अग्रशाळेची एक भिंत गावातील मुलांच्या चित्रांसाठी मोकळी ठेवता येईल. ती मुले महाजनांची असोत, सेवेकऱ्यांची असोत, की वाटेवर दुकान मांडणाऱ्यांची असोत. त्यांतील एखादे मूल कदाचित दुसऱ्याच्या मोटारगाड्या धूत असेल.

बोलारमच्या मुलाला मुंबईत भिंत मिळण्यास वीस वर्षे लागली. इथल्या मुलाला ती पुढच्या जत्रेत मिळू शकते. देव सर्वांना सुबुद्धी देवो.