सातबाऱ्यावरचा कराचा बोजा

जमीन घेताना सातबाऱ्यावरचं मालकाचं नाव आपण नीट पाहतो. पण ‘इतर हक्क’ हा रकाना वाचतो का? बँकेच्या कर्जासारखाच, विक्रीकराच्या किंवा जीएसटीच्या थकबाकीचा बोजाही तिथे नोंदलेला असू शकतो.

२०१७ च्या जीएसटी कायद्यातलं कलम ८२ सांगतं, की थकलेल्या कराचा व्यापाऱ्याच्या मालमत्तेवर पहिला हक्क असतो. दिवाळखोरी संहितेतल्या तरतुदी मात्र त्याला अपवाद. ही रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे, म्हणजे जप्ती आणि लिलाव करूनही वसूल होऊ शकते. रक्कम देय झाल्यानंतर कर चुकवण्यासाठी मालमत्ता दुसऱ्याच्या नावावर केली, तर कलम ८१ नुसार तो व्यवहार सरकारी वसुलीपुरता निष्प्रभ ठरतो.

बँक आणि कर खातं दोघंही दावेदार असतील तर? बँकेने आपला तारण हक्क केंद्रीय नोंदणीत नोंदवला असेल, तर तिचा अग्रक्रम मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२२ मध्ये मान्य केला आहे.

बोजा उतरवायचा कसा? रक्कम भरा, कर कार्यालयाकडून बोजा कमी करण्याचं पत्र घ्या आणि तलाठ्याकडे फेरफार नोंदवा. एकरकमी जमत नसेल, तर आयुक्तांच्या परवानगीने जास्तीत जास्त २४ मासिक हप्ते मिळू शकतात. विवरणपत्रात स्वतःच दाखवलेल्या कराला मात्र ही सवलत नाही. हप्ता चुकला, की उरलेली सगळी रक्कम लगेच देय होते. कर आकारणीच मान्य नसेल, तर मुदतीत अपील करा.

आणि खरेदीदारांनो, इसार देण्याआधी ताजा सातबारा आणि फेरफार जरूर तपासा.