स्वावलंबी घर आणि विषारी दंश
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



घरगुती उपायांविषयी चार शब्द सांगावेत, अशी कार्यवाहांची आज्ञा झाली. आम्ही वैद्य नव्हे की डॉक्टर नव्हे. कोकणातील खेड्यांच्या शाळांत हयात घालविलेले शिक्षक आहोत. परंतु खेड्यात कोणास विंचू चावला की डॉक्टरांच्या आधी शाळामास्तरास हाक येते, एवढ्याच अधिकाराने आम्ही बोलत आहोत.

आपल्या वाडवडिलांचे घर स्वावलंबी होते, याचा आपणांस अभिमान वाटतो आणि तो रास्त आहे. कोठीत भात, परसात भाजी, गोठ्यात दुभते आणि फडताळात सुंठ, ओवा, वेखंड यांचा बटवा. परंतु दंशापासून त्या घराचे रक्षण बटव्याने केले नाही. ते केले नित्याच्या शिस्तीने. अंगण झाडलेले, सरपणाची रास भिंतीपासून दूर, तिन्हीसांजेनंतर दिव्यावाचून बाहेर पाऊल नाही, झटकल्यावाचून वहाण पायांत घालावयाची नाही. धान्य सांडले की उंदीर येतो आणि उंदरामागे साप येतो, हे त्या गृहिणींस ठाऊक होते. या शिस्तीत आज एकाच गोष्टीची भर घालावी : पावसाळ्यात जमिनीवर निजू नये, खाटेवर निजून मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचाव्यात. मण्यार रात्री घरात शिरते. तिचा दंश पुष्कळदा दुखत नाही, सुजत नाही; पहाटे पोटात कळा येऊन पापण्या मिटू लागतात, तेव्हा घर जागे होते.

आता घरी काय करता येते ते पाहू. मधमाशीची नांगी कातडीत रुतून राहते व तीतून विष आत जात राहते. म्हणून ती नखाने खरवडून तत्काळ काढावी. गांधीलमाशीची नांगी सहसा मागे राहत नाही. दोन्हींवर थंड पाण्याची घडी ठेवावी. समुद्रात पाकटाचा काटा लागला तर पाय सोसवेल इतक्या ऊन पाण्यात बुडवावा, वेदना उतरते. मात्र पाणी आधी दुसऱ्या माणसाने हाताने पाहावे, कारण दुखऱ्या पायास चटक्याचे भान राहत नाही. काट्याचा तुकडा आत राहिला असल्यास डॉक्टरच हवा. माशीच्या दंशानंतर अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा श्वास कोंडला, तर क्षणभरही घरी थांबू नये.

कुत्रे चावल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. याहून मोठा घरगुती उपाय आम्हांस ठाऊक नाही. तिखट, चुना, तेल काहीही भरू नये, आणि त्याच दिवशी लस सुरू करावी. अलर्करोगाची लक्षणे एकदा दिसली की मनुष्य बहुधा वाचत नाही. तोवर मात्र लस त्यास वाचवू शकते.

विंचवाविषयी आपल्या कोकणाने जगास एक धडा दिला आहे. काळी इंगळी दिसावयास भयंकर, परंतु घातक तो लहानसा तांबडा विंचू. मुलास दरदरून घाम सुटला, वांती झाली, हातपाय गार पडले, तर विष हृदयापर्यंत पोहोचले असे समजावे. पूर्वी अशा गंभीर रुग्णांपैकी कितीतरी दगावत. रायगड जिल्ह्यातील महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या रुग्णांच्या उशाशी बसून अभ्यास केला व १९८० नंतरच्या दशकात प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध यावर लागू पडते असे दाखवून दिले. मृत्यूंचे प्रमाण पुष्कळ उतरले. २०२२ साली त्यांस 'पद्मश्री' मिळाली. हा उपाय शोधणारा माणूसही खेड्यातलाच डॉक्टर होता, हे ध्यानात असावे.

सर्पदंशाविषयी मात्र आम्ही स्पष्ट बोलणार आहोत. २००० ते २०१९ या काळात भारतात वर्षाला सरासरी ५८,००० माणसे सर्पदंशाने दगावली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. तरीही मांत्रिकाची कीर्ती टिकून आहे, याचे कारण सोपे आहे. धामण, दिवड, नानेटी, कवड्या हे बिनविषारी. नागही प्रत्येक वेळी विष सोडतोच असे नाही. असा मनुष्य मंत्राने बरा होतो, तसा मंत्रावाचूनही बरा होतो. आमच्या नोकरीच्या एका गावी भातकापणीत एका शेतकऱ्यास घोणस चावली. चार तास उतारा चालला. तालुक्याच्या दवाखान्यात पोहोचला तेव्हा हिरड्यांतून रक्त येत होते. घरचा कर्ता पुरुष गेला. त्याची दोन मुले आमच्याच वर्गात बसत असत.

म्हणून दंश झालेल्यास धीर द्यावा; अंगठ्या, बांगड्या, जोडवी उतरावीत; दंशाचा अवयव काठी बांधून हलणार नाही असा ठेवावा. आवळपट्टी नको, कापणे नको, तोंडाने विष ओढणे नको, साप मारण्यात वेळ दवडणे नको. त्यास चालवू नये. १०८ क्रमांकास कळवावे अथवा मिळेल त्या वाहनाने न्यावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर घोड्यांच्या रक्तापासून केलेली एकच लस चालते, आणि ती घरात करता येत नाही.

बंधुभगिनीहो, स्वावलंबन म्हणजे दुसऱ्याची गरजच न मानणे नव्हे. आपल्या हाताने काय होते आणि काय होत नाही, हे नेमके जाणणारे घरच स्वावलंबी. पण रात्री दोन वाजता वाहन कोठून आणावे, हा प्रश्न एका घराने सुटत नाही. तेथे मंडळाचे काम आहे. आमची सूचना अशी : गावोगावच्या आपल्या शाखांनी वाहनधारकांची नावे व सर्पदंशाची लस असलेल्या जवळच्या रुग्णालयाचा दूरध्वनी लिहून फलक लावावा, आणि लस शिल्लक आहे की नाही, याची चौकशी दर वर्षी मृगापूर्वी करावी. यास खर्च एका फलकाचा. कार्यकारिणीने याच अधिवेशनात तसा ठराव करावा, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.