रुग्णशय्या आणि व्यायाम
(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



व्यायाम म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर तालीम, जोर-बैठका आणि तरुण मुले येतात. रुग्णालयातील खाटेवरच्या वृद्धाने व्यायाम करावा, असे कोणी म्हटले तर आपण त्याला निर्दय समजू. मीही तसेच समजत असे.

काही वर्षांपूर्वी माझ्या ज्येष्ठ बंधूंना न्यूमोनिया झाला. नऊ दिवस ते रुग्णालयात होते. दादांना पाण्याचा पेलाही उचलू द्यावयाचा नाही, असा माझा दंडक! ते उठू लागले की मी त्यांना पुन्हा निजवीत असे. ताप उतरला, छाती स्वच्छ झाली. परंतु आपल्या पायांनी गेलेल्या दादांना वाकोल्यातील आमच्या चाळीचा जिना चौघांनी उचलून चढवावा लागला. तो जिना ते पुन्हा स्वतःहून उतरले नाहीत. रोगाने जे नेले नाही, ते माझ्या सेवेने नेले.

मी वैद्य नव्हे, साधा शाळामास्तर आहे. तथापि पुढे जे वाचले ते सांगणे माझे कर्तव्य होय. रिचर्ड ॲशर या इंग्रज डॉक्टरांनी १९४७ सालीच अंथरुणाला खिळून राहण्याच्या धोक्यांविषयी लिहिले होते. रक्ताच्या गुठळ्या, शय्याव्रण, मलावरोध, झिजणारे स्नायू हे सारे त्यांतून उद्भवते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात निरोगी वृद्धांना दहा दिवस अंथरुणावर ठेवले, तेव्हा त्यांच्या पायांतील मांस सरासरी सुमारे एक किलो घटले. मग आजारी माणसाची कथा काय!

याची दुसरी बाजू आशादायक आहे. स्पेनमधील पाम्प्लोना येथे ३७० वृद्ध रुग्णांवर झालेला प्रयोग २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यांचे सरासरी वय ८७ होते. ज्यांनी देखरेखीखाली दिवसातून दोनदा थोडा व्यायाम केला, त्यांची उठण्या-चालण्याची शक्ती टिकली, किंबहुना वाढली. केवळ नेहमीची शुश्रूषा लाभलेल्यांचे स्वावलंबन मात्र कमी झाले. आपल्याकडेही हे शास्त्र नवे नाही. परळच्या के. ई. एम. रुग्णालयात फिजिओथेरपीचे शिक्षण १९५०च्या दशकापासून दिले जात आहे.

तेव्हा आपला माणूस रुग्णालयात असता प्रथम डॉक्टरांना विचारावे, “यांना उठवावे काय, आणि कितपत?” मोडलेले हाड, ताजी शस्त्रक्रिया वा हृदयविकार असेल तर त्यांच्या अनुज्ञेवाचून काही करू नये. अनुज्ञा मिळाल्यास निजल्या निजल्या पावले खालीवर हलवावीत. मग पाय सोडून खाटेच्या कडेवर क्षणभर बसावे. एकदम उठल्यास भोवळ येते. जेवण खुर्चीत बसून घ्यावे. चष्मा डोळ्यांवर आणि न घसरणाऱ्या वहाणा पायांत असाव्यात. कोणाचा तरी हात धरून प्रथम खिडकीपर्यंत, मग दारापर्यंत चालावे. घेरी, धाप वा छातीत कळ आली तर तत्काळ थांबून परिचारिकेस कळवावे.

आपली मंडळी रुग्णाच्या भेटीस मोसंबी घेऊन जातात, हा आपल्या ज्ञातीचा स्नेहभाव होय. यापुढे मोसंबी उशाशी ठेवा, डॉक्टरांची संमती विचारा आणि रुग्णाला आपला हात द्या. मी माझ्या दादांना तो वेळीच दिला नाही. आपण द्यावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.