शेवाळाचें तेल आणि त्याचा जमाखर्च



विहिरीच्या पायरीवरून पाय घसरला म्हणजे शेवाळाची आठवण होते. एरवीं त्याला कोणी विचारीत नाहीं. परंतु गेलीं चाळीस-पन्नास वर्षें याच बुळबुळीत पदार्थाकडे शास्त्रज्ञ व तेलाचे व्यापारी मोठ्या आशेनें पाहत आले आहेत. शेवाळापासून मोटार चालविण्याजोगें तेल निघतें, यांत शंका नाहीं. पैशाची, आणि त्याहून अधिक पाण्याची व खताची तोंडमिळवणी कशी व्हावी, हा प्रश्न मात्र सुटलेला नाहीं.

आशा निराधार नव्हती. सूक्ष्म शेवाळ म्हणजे एकेका पेशीची वनस्पति. तिला मूळ नाहीं, खोड नाहीं. कित्येक जाति दिवसाकांठीं दुप्पट होतात. कांहींना खारें पाणीही चालतें. अमेरिकेच्या ऊर्जा खात्यानें १९७८ पासून १९९६ पर्यंत या विषयाचें संशोधन चालविलें. न्यू मेक्सिकोंतील रॉसवेल येथें हजार चौरस मीटरचीं उघडीं तळीं करून पाहिलीं. पण तेथें रात्रीच्या थंडीनें उत्पन्न घटलें. पुढें २००९ मध्यें एक्झॉन मोबिल या तेलकंपनीनें साठ कोटि डॉलरपर्यंत खर्चण्याची तयारी जाहीर केली, आणि २०२३ च्या आरंभीं तिनें अंग काढून घेतल्याचें वृत्त आलें.

अडचण शेवाळाच्या स्वभावांतच आहे. पेशी भरभर वाढत असतां तेल फारसें सांठवीत नाहींत. त्यांचें नत्र तोडलें कीं तेल सांठूं लागतें, पण वाढ मंदावते. प्रयोगशाळेंतील तेलाचा उच्चांक व वाढीचा उच्चांक यांचा गुणाकार करून पत्रकें छापणारांनीं ही गोष्ट सोईस्करपणें विसरली. शिवाय उघड्या तळ्यांतील लिटरभर पाण्यांत शेवाळ असतें अर्धा ग्रॅम, फार तर एखादा ग्रॅम. किलोभर कोरडें शेवाळ हवें, तर हजार-दोन हजार लिटर पाणी वेगळें करावें लागतें. पाणी हलविणें, पेशी गाळणें, त्या सुकविणें, यांत इंधनच खर्ची पडतें.

अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेनें २०१२ मध्यें याचा हिशेब मांडला. त्या देशाच्या वाहतुकीच्या इंधनापैकीं शेंकडा पांच, म्हणजे ३,९०० कोटि लिटर, शेवाळापासून काढावयाचें तर वर्षाला साठ लाख ते दीड कोटि टन नत्र लागेल. खताचा पुनरुपयोग न केल्यास हा आंकडा त्या देशाच्या एकूण नत्रवापराच्या शेंकडा ४४ ते १०७ इतका भरतो. स्फुरद लागेल दहा ते वीस लाख टन. लिटरभर पेट्रोलाच्या तोलाच्या इंधनास पाणी ३.१५ लिटरपासून ३,६५० लिटरपर्यंत! एवढी तफावत पाहून हंसूं नये. पाणी पुन्हां वापरलें कीं सोडून दिलें, यावर ती अवलंबून आहे. स्फुरदाची गोष्ट मला अधिक गंभीर वाटते. तें खडकांतून खणून काढावें लागतें, त्याला पर्याय नाहीं, आणि आपल्या ज्वारी-गव्हालाही तेंच हवें. भारत तर आपल्या गरजेचा बहुतेक फॉस्फेट खडक बाहेरून आणतो.

यावर उत्तर आहे, पण तें पुरतें ऐकावें. तेलांत नत्र वा स्फुरद जवळजवळ नसतें. तें चोथ्यांत राहतें. चोथा कुजवून तळ्यांत परत घातला तर खताची गरज बरीच घटते. मात्र तोच चोथा गुरांचें खाद्य म्हणून विकून तेल स्वस्त करूं, असेंही प्रवर्तक सांगतात. एकच पेंड परत पेरूनही घ्यावयाची आणि बाजारांतही न्यावयाची, हें कोणत्या खतावणींत बसतें?

इंधनाखेरीज इतर मालाचें मात्र निराळें आहे. स्पिरुलिना क्षारयुक्त पाण्यांत, आणि बीटा-कॅरोटिन देणारें ड्युनालिएला ऑस्ट्रेलियांतील अतिखारट तळ्यांत वाढतें. तेथें शेवाळ खाणारे बहुतेक जीव टिकत नाहींत, आणि माल थोडा असूनही भाव मोठा येतो. लहान मुलांच्या दुधाच्या भुकटींत घालावयाचें डी. एच. ए. हें तेलाम्लही एका जातीच्या सूक्ष्म शेवाळापासून मिळतें. अशा मालाचा खर्च निघतो. मोटारीच्या टाकींत ओतावयाचें तेल त्या भावानें कोण घेणार?

इंधनासाठीं मला विचार करण्याजोगी एकच वाट दिसते: शहराचें सांडपाणी. त्यांत नत्र व स्फुरद आयतेंच असतें, तें काढण्याचा खर्च नगरपालिकेला करावाच लागतो, आणि शेवाळ तें काम करतां करतां वाढतें. तेल येथें दुय्यम. पण तळीं उथळ हवींत, म्हणजे जागा पुष्कळ हवी. आणि सांडपाणी जेथें फार, तेथेंच जमीन सर्वांत महाग.